बॅकअप आहे म्हणता, पण उघडून पाहिलाय का?



विषय वाचून काही जणी म्हणतील, "हे आमचं काम नाही, मुलांना विचारा." मला नेमकं त्याच्याविरुद्ध लिहायचं आहे. घरातल्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप रोज आपोआप होतो म्हणतात, तो खरंच होतो का हे पाहण्याचं काम घरातल्या बाईनं आपल्याकडे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा सुट्टीत येतो, सॉफ्टवेअर बसवून देतो, "आई, आता काही करायचं नाही, सगळं आपोआप होतं" म्हणतो आणि नोकरीच्या गावी परत जातो. मागे राहतो तो कॉम्प्युटर आणि आपण.

त्या कॉम्प्युटरवर असतं काय ते बघा. दुकानाची टॅली, जीएसटीची बिलं, स्कॅन केलेली खरेदीखतं, मेडिक्लेमचे कागद, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अधिकाऱ्यानं मागितल्यावर "हार्ड डिस्क गेली" हे उत्तर चालत नाही. आणि सासूबाईंचा हसरा फोटो परत काढता येत नाही.

बी. कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे पुस्तकं बरोबर आहेत असं समजू नका. एखादं बिल नोंदवायचंच राहून गेलं तर दोन्ही बाजू सारख्याच कमी पडतात आणि बेरीज बिनबोभाट जुळते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरवरची हिरवी खूण मला तशीच वाटते. ती एवढंच सांगते, "मला जे सांगितलं होतं ते मी केलं." सांगितलं होतं ते शहाणपणाचं होतं का, याची तिला काय कल्पना!

आमच्या नात्यातल्या एका घरी हेच झालं. दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप रोज रात्री नऊला व्हायचा, खूण हिरवी यायची. बॅकअप जायचा 'डी' ड्राइव्हमध्ये. आता 'सी' आणि 'डी' ही नावं दोन असली तरी बहुतेक घरांतल्या कॉम्प्युटरमध्ये ती एकाच डिस्कची दोन खणं असतात. एकाच कपाटाच्या वरच्या खणातले दागिने खालच्या खणात ठेवले आणि म्हटलं, आता चोराची भीती नाही, तसं. एक दिवस डिस्क बंद पडली, दोन्ही खणं गेली. वर्षाचे आकडे सीएंच्या ऑफिसातून मिळाले, पण गिऱ्हाइकांची उधारी फक्त त्या कॉम्प्युटरवर होती. मग "तुमच्याकडे आमचं किती येणं आहे हो?" असं गिऱ्हाइकांनाच विचारत फिरावं लागलं. किती जणांनी प्रामाणिकपणे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

हे आपल्यासारख्या अडाण्यांकडेच होतं असं मानू नका. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या एकूण पाच सोयी होत्या, त्यातली एकही वेळेला धड उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्तीच्या गोंधळामुळे अयशस्वी होत होता, आणि "बॅकअप झाला नाही" असं सांगणाऱ्या ईमेल परस्पर नाकारल्या जात होत्या. म्हणजे यंत्र ओरडत होतं, पण कोणाच्या कानापर्यंत आवाजच पोचत नव्हता. त्यांना तारलं ते एका कर्मचाऱ्यानं सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, स्वतःच्या हातानं घेतलेल्या नकलेनं.

नातवंडांबरोबर 'टॉय स्टोरी २' पाहिला असेल, तर तो सिनेमाही १९९८ मध्ये असाच पुसला गेला होता. बॅकअप सुमारे महिनाभर नीट चाललाच नव्हता, आणि ते कळलं सिनेमा गेल्यावर. वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक प्रत ठेवली होती. घरी बसलेल्या बाईला कमी लेखणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते!

तर आपल्या घरातला बॅकअप कुठे अडतो? माझ्या पाहण्यात पहिलं कारण अगदी साधं आहे, कॉम्प्युटर त्या वेळी जागाच नसतो. रात्री अकराची वेळ दिलेली आणि दुकान बंद होतं साडेनऊला. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' म्हणून एक सोय आहे, बरीच कामं तिच्यावर ठरवून दिलेली असतात. तिच्या 'कंडिशन्स' या पानावर एक खूण आधीपासूनच केलेली असते की लॅपटॉप विजेवर असेल तरच काम सुरू करायचं. आपण चार्जर काढून ठेवला किंवा वीज गेली, की त्या दिवशीचा बॅकअप नाही. आणि ठरलेली वेळ चुकली तर नंतर जमेल तेव्हा काम उरका, ही खूण 'सेटिंग्ज'मध्ये असते, ती मात्र आपल्यालाच करावी लागते. एवढे दोन चौकोन पाहायला पाच मिनिटं लागत नाहीत. वेळही सकाळी दुकान उघडल्यानंतरची किंवा दुपारच्या जेवणाची ठेवावी. टॅली मात्र तेव्हा बंद हवी, कारण वापरात असलेली फाइल काही सॉफ्टवेअरना उचलता येत नाही. ती तेवढी फाइल सोडून बाकीचं नेतात, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते.

दुसरं म्हणजे डिस्क. बाहेरची डिस्क एके दिवशी 'ई' म्हणून दिसते, मध्येच कोणीतरी पेन ड्राइव्ह लावला की तीच 'एफ' होते, आणि सॉफ्टवेअर 'ई'चं दार ठोठावत बसतं. कधी डिस्क भरलेली असते. पेन ड्राइव्हची एक गंमत आहे. त्यात जागा भरपूर दिसते, तरी मोठी फाइल जात नाही. तो 'फॅट ३२' पद्धतीनं तयार केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावतच नाही. आणि विंडोजची 'फाइल हिस्ट्री' वापरणाऱ्यांनी हे पाहावं की ती आपणहून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठराविक फोल्डर घेते. टॅलीचा डेटा सहसा तिथे नसतो. तो बॅकअपमध्ये घालायचा तर आधी अशा एखाद्या फोल्डरात न्यावा लागतो, किंवा त्याच्यासाठी वेगळी सोय लागते.

कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला की जुन्या पासवर्डवर ठरवलेलं काम अडतं, हेही लक्षात असू द्या.

"आमचं सगळं क्लाउडवर जातं," असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझा जरा वाद आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह जी जुळवाजुळव करतात तिला बॅकअप म्हणू नये. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कचऱ्याच्या डब्यात ३० दिवस राहतं, मग जातं. मार्चमध्ये चुकून गेलेलं फोल्डर जुलैत ऑडिटच्या वेळी आठवलं तर काय करणार? शिवाय गूगलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. ती भरली की नवं काही वर जात नाही, आणि तसं सांगणारी सूचना आपण जाहिरात समजून बाजूला सारतो.

आपल्या ताडपत्रांचंच उदाहरण घ्या. षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या भांडारात जपलेली होती. लोक दर्शन घेऊन धन्य होत, पण ग्रंथ वाचला जात नव्हता आणि त्या भांडाराबाहेर त्याची प्रत नव्हती. १९ व्या शतकाच्या अखेरीला सोलापूर-मुंबईच्या श्रावकांनी खटपट केली, तेव्हा कुठे नकला उतरवून घेण्याचं काम सुरू झालं. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून छापून निघाला. त्या एका भांडाराला मध्येच कधी वाळवी किंवा आग लागली असती तर, या विचारानं मला अजूनही धस्स होतं.

म्हणून उघडून बघा. धान्याच्या डब्यावर 'गहू' लिहिलंय म्हणून आपण समाधान मानत नाही, पावसाळ्याआधी झाकण काढून, हात घालून पाहतो, जीव पडू नयेत म्हणून उन्हं दाखवतो. तसंच महिन्यातून एकदा बॅकअपच्या डिस्कवरून एक फोटो, एक पीडीएफ आणि गेल्या आठवड्यातलं एक बिल परत आणून उघडायचं. तारीख पाहायची. टॅली परत आणताना वेगळं फोल्डर द्यायचं, नाहीतर आजच्या हिशेबावर जुना हिशेब चढून बसेल. पहिल्यांदा सीएंच्या ऑफिसातल्या मुलाला किंवा सूनबाईंना शेजारी बसवा. बँकेचं पासबुक कीर्दीशी ताडून बघता ना, त्याच दिवशी हेही करा. दरवर्षी ३१ मार्चला 'जागतिक बॅकअप दिन' असतो म्हणे. आपल्या व्यापारी घरांना तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, पण वर्षातून एकदा पुरत नाही.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. बहुतेक घरांत बॅकअपचा पासवर्ड घरधन्यांना ठाऊक असतो, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो. ते अचानक गेले तर? एका ओळखीच्या काकींना सहा महिन्यांनी कळलं की फोटो सगळे क्लाउडवर आहेत, पण रिचार्ज न केल्यानं नंबर बंद झालाय आणि ओटीपी यायचा मार्गच उरलेला नाही. त्या अजून मोबाइलच्या दुकानात चकरा मारतात. तेव्हा "अहो, तुमचा पासवर्ड काय?" हे आजच विचारून घ्या. अशुभ वगैरे काही नसतं. मृत्युपत्र करतोच ना आपण? कुलूपबंद केलेल्या बॅकअपचा पासवर्ड हरवला तर सॉफ्टवेअर बनवणाराही तो उघडून देऊ शकत नाही, म्हणून वहीत लिहून वही तिजोरीत ठेवा. खात्याला दुसरा मोबाइल नंबर जोडा, तो आपला.

डिस्क किती घ्याव्यात असं दोघींनी विचारलं होतं. दोन घ्या. एक कॉम्प्युटरला लावलेली, दुसरी काढून ठेवलेली, कारण विजेचा झटका किंवा व्हायरस आला तर लावलेलीही कॉम्प्युटरबरोबर जाते. दर महिन्याला अदलाबदल करायची. काढलेली डिस्क त्याच घरात ठेवण्यात अर्थ नाही. आमची नणंदबाईंच्या कपाटात असते आणि त्यांची आमच्याकडे, दोन्ही पासवर्ड लावून. चौदसला मंदिरात भेट होते तेव्हा पिशवीतून देवाणघेवाण होते.