कोपऱ्यावरचे छायाचित्र

निवृत्तीनंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर अनेकांच्या तोंडी एक प्रश्न येतो, 'बाहेर जाऊन करू तरी काय?' औषधे वेळेवर, पथ्य व्यवस्थित. पण उंबरठा ओलांडण्यास निमित्त उरत नाही. स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरचे नित्याचे जीवन घडेल तसे टिपणे, हे असे एक निमित्त आहे. त्यासाठी हातातला मोबाइल पुरेसा आहे.

नवशिके बहुधा नव्या दृश्याच्या शोधात भटकतात आणि दमतात. आपण उलट करावे. घराजवळचा एकच कोपरा निवडून रोज ठरावीक वेळी तेथे जावे. न्यूयॉर्कचे सॉल लायटर (१९२३–२०१३) यांनी अनेक दशके आपल्याच वस्तीतील छत्र्या, पाऊस आणि ओलसर काचा टिपल्या. 'अर्ली कलर' हे त्यांचे पुस्तक २००६ मध्ये निघाले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

प्रथम उन्हाने उजळलेली भिंत किंवा दुकानाची पायरी पाहावी, चौकट ठरवावी आणि तिच्यात कोणी येईपर्यंत थांबावे. सकाळचे व सायंकाळचे तिरपे ऊन उत्तम. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसावी. फोन दोन्ही हातांनी धरून कोपरे अंगाशी टेकवावीत. बोटे थरथरत असल्यास, बहुतेक फोनमध्ये आवाजाचे बटण दाबूनही छायाचित्र घेता येते. झूम करण्याऐवजी, वाट मोकळी असेल तर, दोन पावले पुढे जावे.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा: चालताना पडद्याकडे पाहू नये. आधी वाहनांपासून दूर थांबावे, पाय स्थिर करावेत, मगच फोन काढावा. तोल जात असेल तर बाकावर बसूनच छायाचित्रे घ्यावीत; एका जागी थांबण्याची ही रीत त्यासाठी सोयीचीच आहे. जवळून टिपायचे असल्यास समोरच्याची संमती घ्यावी, मुलांच्या बाबतीत पालकांची. कोणी नको म्हटले तर छायाचित्र तेथेच पुसून टाकावे.

घरातील मंडळींनी रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे सोबत बसावे. दिवसभरातील तीनच छायाचित्रे ठेवावीत आणि प्रत्येकाविषयी विचारावे, 'बाबा, हे का टिपलेत?' उत्तर मिळाले की चौकटीत काय हवे होते आणि काय उगाच आले, हे त्यांचे त्यांनाच उमगते. सुधारणा होते ती येथेच. शिवाय दिवसाविषयी बोलायला काही असते.

पंधरा दिवस एवढे करून पाहावे. तोवर कोपऱ्यावरची फुलवाली आपल्याला ओळखू लागलेली असेल. एखाद्या दिवशी गेला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ती विचारील, 'काका, काल दिसला नाहीत?'