दोष जिभेचा की बाजाराचा?

गोड-खारटाची ओढ माणसाला उपजतच असते. तिची अनावर लालसा मात्र नफ्यासाठी घडविली जाते. चिप्सच्या पुडीत मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांचा मेळ असा साधलेला असतो की खाणाऱ्याचा हात थांबू नये. अशा वेळी केवळ संयमाचा उपदेश पुरेसा नाही. चिली देशाने २०१६ साली अशा पाकिटांवर काळे इशारे सक्तीचे केले. भारतातील २०२२ च्या मसुद्याने मात्र तारे सुचविले. निकृष्टातल्या निकृष्ट पदार्थालाही अर्धा तारा बहाल! रिकाम्या पोटी लालसा बळावते; म्हणून वेळेवर भाजी-भाकरी खावी, खिशात फुटाणे-शेंगदाणे बाळगावेत, हे खरेच. परंतु पाकिटावर स्पष्ट इशारा हवा, ही मागणीही वस्तीवस्तीतून उठली पाहिजे.