उष्णता पंपांचे ब्रिटिश गणित वीजदरात अडकले

२०२८पर्यंत दरवर्षी ६ लाख उष्णता पंप बसविण्याचे लक्ष्य ब्रिटनने २०२०मध्ये जाहीर केले होते. २०२४मधील विक्री मात्र १ लाखाच्याही आत राहिली. इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३पासून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळत असूनही ही गती मंदच आहे.

घराबाहेर बसविलेला हा पंप वातानुकूलन यंत्राच्या उलट काम करतो. थंड हवेतील उष्णता शोषून तो रेडिएटरमधील पाणी तापवितो. एक युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता मिळते. मात्र त्यासाठी पाण्याचे तापमान गॅस बॉयलरपेक्षा कमी ठेवावे लागते. परिणामी जुन्या घरांत अनेकदा मोठे रेडिएटर, गरम पाण्याची टाकी आणि भिंती-छतांचे उष्णतारोधन यांचा खर्च वाढतो.

खरा पेच दराचा आहे. ब्रिटनमध्ये प्रतियुनिट वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. त्यामुळे तिप्पट कार्यक्षमतेचा लाभ बिलात विरून जातो. हरित योजनांचा अधिभार प्रामुख्याने वीजबिलावर टाकण्याच्या धोरणाने ही दरी रुंदावली.

शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतर राखण्याची नियोजनविषयक अट इंग्लंडमध्ये मे २०२५मध्ये रद्द झाली. त्याने दाटीच्या वस्त्यांतील एक अडथळा दूर झाला. परंतु अनुदान एकदाच मिळते, बिल मात्र वारंवार येते. विजेचा दर गॅसच्या तिपटीखाली आल्याशिवाय सामान्य कुटुंबाला चालू बॉयलर काढून टाकण्याचे सबळ आर्थिक कारण मिळणार नाही.