हमीपत्र कंपनीचे, मापही कंपनीचेच

मे 2024 च्या अखेरीस अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी कलम 144 लागू करावे लागले. माणसांसाठी निदान एवढी तरी तरतूद झाली. परंतु ज्या बॅटरीवर आता वऱ्हाडातील कित्येकांची रोजी चालते, तिला ते ऊन निमूटपणे सोसावे लागते. उष्णतेने बॅटरीच्या आतील रासायनिक झीज वाढते. पूर्ण चार्ज करून रणरणत्या उन्हात उभी ठेवली तर लिथियमची बॅटरी अधिकच लवकर म्हातारी होते. ई-रिक्षांतील ॲसिडची बॅटरी तर मुळातच अल्पायुषी. कर्जाचे हप्ते संपण्याआधी ती संपते आणि चालक दुसऱ्या कर्जाच्या शोधात निघतो.

झीज हा निसर्गधर्म आहे. त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. खरा प्रश्न, झीज किती झाली हे ठरवायचे कोणी, हा आहे. गाडी पूर्वी ऐंशी किलोमीटर जात होती, आता पन्नासच जाते, हे गिऱ्हाइकाला अनुभवाने कळते. पण हमीपत्रास अनुभव चालत नाही, आकडा लागतो. तो आकडा बॅटरीतील संगणकीय यंत्रणेत असतो आणि ती वाचण्याची किल्ली कंपनीच्या हाती असते. विक्रेता म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, विक्रेत्याकडे जा. या हेलपाट्यांत हमीची मुदत सरते. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असावा, असा हा खटला आहे.

हे गाऱ्हाणे एकट्यादुकट्याचे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या 10,644 तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ओला इलेक्ट्रिकला कारणे दाखवा नोटीस बजावली. त्यांपैकी 99.1 टक्के तक्रारी मिटवल्याचे कंपनीने सांगितले. मिटली म्हणजे काय, हे मात्र तक्रारदारालाच विचारलेले बरे!

परदेशांत या प्रश्नाचा विचार झाला आहे. पेट्रोलचे इंजिन आणि घरी चार्ज होणारी बॅटरी अशी दोन्ही साधने असलेल्या प्लग-इन हायब्रिड मोटारींची बॅटरी लहान असते. ती रोज भरते, रोज रिकामी होते. अशा आणि निव्वळ विजेच्या मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर 2022 साली नियम ठरला : पाच वर्षांनंतर किमान 80 टक्के आणि आठ वर्षांनंतर 70 टक्के क्षमता उरलीच पाहिजे. युरोपात तर ऑगस्ट 2024 पासून बॅटरीच्या प्रकृतीची नोंद वाचण्याचा हक्क कायद्याने मालकाला मिळाला आहे. मोटारवाल्यांना जे मिळाले, ते ई-रिक्षावाल्याला नको काय?

आपल्याकडेही कायदा अगदीच पांगळा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये अकोल्याचा ग्राहक अकोल्याच्याच जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, मग कंपनीचे कार्यालय कोठेही असो. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणाराही ‘ग्राहक’च ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र ती दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. कार्यकर्त्यांनी एवढे जरी वस्त्यावस्त्यांतून सांगितले तरी पुष्कळ काम होईल. मेख पुढे आहे. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि त्या तपासणीची फी तक्रारदाराला आधी भरायला सांगू शकतो. ज्याची रिक्षा दारात उभी, त्याने ती फी आणायची कोठून?

वास्तविक क्षमतेची प्राथमिक तपासणी ही काही अणुविद्या नव्हे. बॅटरी पूर्ण भरायची, ठरलेल्या भारावर रिकामी होऊ द्यायची आणि किती वीज निघाली ते मोजायचे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अकोल्याचे शासकीय तंत्रनिकेतन यांना हे सहज जमण्यासारखे आहे. याच दोन शहरांमधील महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम केला गेला. त्या रस्त्यालगतच्या दोन सरकारी संस्थांत एकेक तपासणी-टेबल मांडायचे, नाममात्र दरात दाखला द्यायचा आणि तो दाखला कंपनीवर तसेच आयोगात ग्राह्य धरावा असा आदेश शासनाने काढायचा, एवढीच मागणी आहे. पुढचा उन्हाळा येण्याआधी ती दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर लेखी पोचली पाहिजे.