पाहुण्यांच्या ट्रेलरांतील बॅटरी

महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें व २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हांपासून शेतावर पाहुणे उतरवून चार पैसे मिळवावे, असा विचार करणारे बागाइतदार आपल्यांत पुष्कळ झाले आहेत. त्यांपैकीं कांहींनीं खोली बांधण्याऐवजीं जीपमागें ओढण्याचा, दोन चाकांचा, दोन-तीन माणसें निजतील एवढा लहान ट्रेलर घेणें पसंत केलें आहे. आणि तें गैर नाहीं. हुरड्याच्या दिवसांत तो जोंधळ्याच्या कडेला नेतां येतो, उन्हाळ्यांत आमराईंत उभा करतां येतो, आणि पाहुणे नसतील तेव्हां राखणीस उपयोगीं पडतो. परंतु या ट्रेलरांतील बॅटरीची गोष्ट आपण फार हलक्या हातानें घेतों, अशी आमची तक्रार आहे. व तींत पहिला अपराध आमचाच आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यांत आम्हीं आमच्या ट्रेलरांत ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी बसविली. घरांत पडून आहे, तिचें चीज होईल, हा हिशेब. जागा कोठें, तर पलंगाखालीं. कारण तेथें ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. पहिल्याच रात्रीं दोन वाजतां पंखा थांबला. दुसऱ्या दिवशीं भर उन्हांत ती सौर पॅनेलवर चार्ज होत राहिली, आणि सायंकाळीं पाहुण्यांच्या लहान मुलीनें, आंत कुजक्या अंड्यांचा वास येतो, असें येऊन सांगितलें. फळी उचलून पाहिली, तों बॅटरीच्या एका अंगास हात ठेववेना. त्या पलंगावर त्या रात्रीं ती मुलगी आपल्या आईजवळ निजणार होती. मुलीचें नाक तीक्ष्ण नसतें तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही आजहि टाळतों.

ट्रॅक्टरची बॅटरी एंजिन चालू करण्यासाठीं केलेली असते. तिचे पत्रे पातळ. क्षणभर मोठा प्रवाह द्यावा आणि लगेच पुन्हां भरून घ्यावें, हें तिचें काम. रात्रभर पंखा ओढून तिला रिकामी करीत गेलें म्हणजे थोड्याच दिवसांत ती कामांतून जाते. त्यांत एखादा कप्पा मेला कीं बाकीच्यांवर चार्जिंगचा ताण पडून त्या उकळूं लागतात. शिशाच्या बॅटरींतून चार्ज होतांना हायड्रोजन निघतो, आणि हवेंत तो शेंकडा ४ झाला तरी ठिणगीनें पेट घेतो. कोंदट पत्र्याच्या खोलींत, निजणारांच्या अंगाखालीं, असली वस्तु ठेवणें याला काटकसर म्हणतां येत नाहीं.

यानंतर कारकुनी सवयीप्रमाणें आम्हीं आधीं तक्ता मांडला. ९ वॉटचे दोन दिवे ५ तास, म्हणजे ९० वॉट-तास. बारा व्होल्टवर चालणारा २८ वॉटचा पंखा ९ तास, म्हणजे २५२. तीन मोबाइल मिळून ४५ धरले. पाण्याचा ६० वॉटचा लहान पंप पाव तास, म्हणजे १५. एकूण ४०२. एखादा दिवस आभाळ राहिलें तर दोन रात्रींची सोय हवी, म्हणून ८०० ठरविले. शीतपेटी मागणारे पाहुणे भेटतात. त्यांस घरांतील फ्रिज दाखवावा.

आतां १२ व्होल्टची, १५० अँपियर-तासांची शिशाची ट्यूब्युलर बॅटरी १८०० वॉट-तासांची होते; पण ती टिकवावयाची तर निमी शक्ति शिल्लक ठेवावी, म्हणजे हातीं ९०० येतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपियर-तासांची बॅटरी १२८० ची. तिच्यांतून शेंकडा ८० निर्धास्त घ्यावे, म्हणजे १०२४. पहिलीचें वजन ५० किलोच्या वर, दुसरीचें १२ किलोच्या आसपास. दुसरीची किंमत अधिक, हें खरें. परंतु ती कित्येक पट वेळां भरतां व उपसतां येते. कोणी विचारील कीं, विजेच्या स्कूटरी पेटल्याचें ऐकतों, त्याचें काय? लिथियमच्या बॅटऱ्यांतहि जाती आहेत, आणि फॉस्फेटची जात त्यांत पुष्कळ शांत आहे. तरी भलत्या चार्जरवर ती लावूं नये, व तापत्या पत्र्याला टेकवूं नये. आमचें मत असें कीं, ज्याचा ट्रेलर वर्षभर एका जागीं उभा असतो आणि ज्याला डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालण्याची शिस्त आहे, त्यानें शिशाची घ्यावी. ज्याचा ट्रेलर हिंडतो त्यानें लिथियमची घ्यावी. जुनी बॅटरी नव्या बॅटरीस जोडून काम भागवूं पाहणें हें दोन्हींहून वाईट.

जागेविषयीं बैलगाडी भरणारास फार सांगावें लागूं नये. माल मागें भरला कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचलतें. ट्रेलरचें तेंच आहे. ७०० किलोच्या ट्रेलरचा दहावा हिस्सा, म्हणजे ७० किलो, पुढच्या हुकावर दाबला पाहिजे. आंसापासून हूक ३ मीटर पुढें आहे असें धरा. तेथें आपण पेटीसह ६० किलोची बॅटरी आंसाच्या दीड मीटर मागें ठेवली, तर हुकावरील ३० किलो दाब उचलला जातो. उरले ४०. मग उतारावर मागचा ट्रेलर झोंके घेऊं लागतो, व ओढणारी जीपहि आंवरत नाहीं. अमेरिकेंत लहान सहलीच्या ट्रेलरांची बॅटरी बहुधा पुढील दांड्यावर बाहेर बसवितात. वाऱ्याच्या दृष्टीनें तें उत्तम. पण आपल्या गाडीवाटेवर तेथें चिखल-दगड उडतात, आणि उघडी बॅटरी चोर पाहूनच ठेवतो. आम्हीं ती आंसाच्या किंचित् पुढें, जमिनीलगत, बाहेरून दार व कुलूप असलेल्या पेटींत बसविली. पेटी खोलीकडून पूर्ण बंद केली. हायड्रोजन हलका, म्हणून त्याच्यासाठीं पेटीच्या माथ्याशीं बाहेर भोंक, व हवा येण्यास तळाशीं दुसरें. लिथियमच्या बॅटरीस वायूचें भय नाहीं, तरी पेटी अशीच असावी. ट्रेलरची ती बाजू दुपारीं उन्हांत येऊं नये, अशा बेतानें तो उभा करतों. गॅसचें सिलिंडर मात्र दुसऱ्या अंगास ठेवावें. तो गॅस जड असून खालीं साचतो.

तारेंत कसर करूं नये. बारा व्होल्टवर १२० वॉटला १० अँपियर लागतात. बारीक तार तापते. धन टोंकापासून वीतभर अंतरांत फ्यूज हवाच.

आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्याकडे असे ट्रेलर आहेत, त्यांपैकीं कितींनीं हुकावरील वजन एकदां तरी काट्यावर घेतलें आहे, हें आम्हांस जाणावयाचें आहे. पुढील साधारण सभेंत आम्ही अशी सूचना मांडणार आहोंत कीं, संस्थेच्या अवजार-भांडारांत डी.सी. प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प मीटर, शिशाच्या बॅटरीसाठीं एक हायड्रोमीटर आणि शंभर किलोचा एक काटा ठेवावा, व ते सभासदांस एक दिवसासाठीं विनामूल्य द्यावे.