चित्रनगरीच्या भिंतींआधी माणसे

शासनाच्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाची घोषणा वाचताना मला एक सवय जडली आहे. जमीन किती, खर्च किती, कोनशिला कधी, हे तपशील ठळकपणे दिलेले असतात. ते वाचून झाले की या प्रकल्पात उद्या काम कोण करणार, याचा उल्लेख मी शोधू लागतो. बहुधा तो अखेरच्या परिच्छेदात सापडतो : 'स्थानिकांना रोजगार मिळेल.' तो रोजगार कोणत्या कौशल्याचा, ते कौशल्य कोण शिकवणार आणि केव्हा शिकवणार, याविषयी मात्र मौन असते. म्हैसूरजवळ होऊ घातलेल्या चित्रनगरीच्या निमित्ताने या मौनाचा थोडा विचार करावा, असे वाटते.

प्रथम पार्श्वभूमी. वरुणा हे म्हैसूर तालुक्यातील टी. नरसीपूर रस्त्यावरचे गाव. २००८ सालच्या निवडणुकीपासून त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघ अस्तित्वात आहे आणि नंजनगूड तालुक्यातील हिम्मावू हे गाव त्यात मोडते. कर्नाटकाची चित्रनगरी येथे उभारावी, हा विचार सुमारे दशकभरापूर्वी पुढे आला. मग २०१८ मध्ये तो रामनगरकडे वळला आणि २०१९ नंतर बेंगळुरूजवळच्या रोरिक इस्टेटीकडे. अखेर फिरून तो म्हैसूरला आला. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात त्यासाठी १५० एकर जमीन आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीतून ५०० कोटी रुपयांची योजना मांडण्यात आली. एवढ्या फेऱ्यांत सरकारे बदलली, जागा बदलल्या. परंतु आसपासच्या तरुणांना या व्यवसायासाठी तयार करण्याचा प्रश्न चर्चेच्या मध्यभागी कधी आला नाही. याच परिसरात एका कारखान्यासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांना नोकरीच्या प्रश्नावर काही वर्षांपूर्वी आंदोलन करावे लागले होते. म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

म्हैसूरला प्रसारणाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून एक नभोवाणी केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राने धारण केले होते. ऑल इंडिया रेडिओने ते पुढे १९५० च्या दशकात स्वीकारले. आज आपण ज्या नावाने बातम्या ऐकतो, ते असे एका प्राध्यापकाच्या घरातून निघाले आहे. याच जिल्ह्यात सरगूर येथे २०१२ पासून 'जनध्वनी' हे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालते. स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट या संस्थेचे हे केंद्र वनालगतच्या आदिवासी आणि ग्रामीण श्रोत्यांसाठी आहे. ध्वनिमुद्रण आणि निवेदन ही शहरी, इंग्रजी शिकलेल्या मुलांचीच मक्तेदारी आहे, या समजुतीला अशी केंद्रे परस्पर उत्तर देतात.

परंतु म्हैसूरच्या स्मृतीत एक काळा दिवसही आहे. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी तेथील प्रीमियर स्टुडिओत 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आग लागली आणि ६२ जणांचा मृत्यू झाला. मालिकेचे निर्माते-अभिनेते संजय खान गंभीर भाजले, ते वाचले. त्यांचे नाव आजही सर्वांना ठाऊक आहे. मृतांपैकी बहुसंख्य पडद्यामागचे कामगार होते. त्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. ज्वालाग्राही सजावट, बाहेर पडण्याच्या अपुऱ्या वाटा, आग विझविण्याच्या साधनांचा अभाव, यांची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. माझ्या मते या घटनेचा प्रशासकीय अर्थ असा की, या व्यवसायात प्रशिक्षण हा पोटापाण्याचा विषय आहे, तसाच तो जिवाचाही आहे. विद्युतभार किती, तारांची जोडणी कशी, पडद्याचे कापड कोणते, संकटसमयी हुकूम कोणाचा, हे ज्याला कोणी शिकवले नाही तो मजूर सेटवर सर्वांत आधी धोक्यात येतो.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण चित्रनगरीचा धडा आपल्याकडे दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जी माणसे घडली, त्यांच्यापैकी कोणाकडे चित्रपटकलेची पदवी नव्हती. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही मंडळी तेथे हाताने काम करीत शिकली. रंगकाम, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती आणि छायाचित्रण यांच्यात तेव्हा भिंती नव्हत्या. कॅमेराही तेथे स्वतः बनवला गेला. याच मंडळींनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये केंद्र शासनाने चित्रपट प्रशिक्षणाची संस्था काढली, जी आज एफटीआयआय म्हणून ओळखली जाते. आधी माणसे घडली, मग कंपनी, मग संस्था, असा हा क्रम आहे.

त्याच कोल्हापुरात उलटा क्रमही पाहावयास मिळाला. १९८० च्या दशकात मोरेवाडी येथे शासनाने चित्रनगरी उभारली. जमीन होती, इमारती होत्या, नाव होते. परंतु दीर्घकाळ ती ओस पडून राहिली आणि अलीकडच्या काळात तिचे पुनरुज्जीवन करावे लागले. या दुरवस्थेची कारणे अनेक असतील. तरीही एक गोष्ट उघड आहे. ज्या गावात कसबी माणसांची फळी टिकत नाही, तेथे निर्माता मुंबईहून वीस माणसे गाडीत घालून आणतो आणि चित्रीकरण संपताच घेऊन जातो. गावाच्या वाट्याला चहाची टपरी आणि वाहनतळ तेवढा उरतो. हिम्मावूचे तसे होऊ नये, हीच माझी चिंता आहे.

यावर कोणी म्हणेल की, कौशल्य विकासाच्या योजना आहेतच. आहेत, २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना चालू आहे आणि माध्यम-मनोरंजन क्षेत्रासाठी वेगळी कौशल्य परिषदही आहे. प्रश्न आहे तो आपण काय मोजतो याचा. सेवेत असताना एका जिल्ह्यात ध्वनिचित्रमुद्रणाचा एक वर्ग मी तपासला होता. कागदोपत्री निकाल निर्दोष होता. तीस विद्यार्थ्यांमागे कॅमेरा मात्र एक होता आणि तीन महिन्यांत प्रत्येकाच्या हाती तो एकूण किती तास आला, याची नोंद कोणत्याही रकान्यात नव्हती, कारण तसा रकानाच नव्हता. पोहणे फळ्यावर शिकवून उत्तीर्णांची यादी लावावी, तसा तो प्रकार होता. त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील शेतमजूर होते. ज्या मुलाच्या घरी कॅमेरा नाही, त्याला वर्गातही तो मिळाला नाही, तर त्या योजनेने त्याची वंचितावस्था प्रमाणपत्रावर छापून दिली, एवढेच म्हणता येईल.

या क्षेत्रात भरती जाहिरातीने होत नाही, ती ओळखीने होते. लाइटमनचा भाचा लाइटमनबरोबर येतो, संकलकाचा मित्र संकलकाच्या खोलीत बसतो. त्यात दुष्टावा नाही. अनोळखी माणसाच्या हाती लाखो रुपयांचे यंत्र देण्यास कोणी धजावत नाही. परंतु परिणाम असा की, ज्याच्या घराण्यात, जातीत वा शेजारात कोणी या धंद्यात नाही, त्याला दार सापडत नाही. आणि मुलींना तर ते दिसतही नाही. शासकीय प्रशिक्षणाचे खरे काम ही ओळख पुरवणे हे आहे. कौशल्य हे त्या ओळखीचे भांडवल.

आणखी एका वर्गाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात आणि त्यांतील बहुसंख्य जवान चाळिशीच्या आतबाहेर असतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेने यात आणखी तरुण वर्गाची भर घातली आहे : चार वर्षांच्या सेवेनंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतील, उरलेले नव्या वाटा शोधतील आणि पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. म्हैसूरला लागून असलेला कोडगू जिल्हा सैनिकी परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगाव आणि साताऱ्याचे अपशिंगे हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोत. या निवृत्त जवानाला आपण बहुधा एकच नोकरी देऊ करतो : फाटकावरची. वास्तविक संदेशवहन दलात ज्याने बिनतारी यंत्रणा सांभाळली, ईएमईत ज्याने जनित्रे दुरुस्त केली, त्याला थेट प्रसारणाच्या वाहनातील अर्धे काम आधीच येत असते. वेळेचे भान, हुकुमाची साखळी, आगीच्या प्रसंगी न गोंधळणे, हे गुण १९८९ च्या त्या स्टुडिओत किती मोलाचे ठरले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

माजी सैनिकांच्या प्रशिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या जवानांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज पुण्याजवळ खडकीत आहे. जखमी माणसाला केवळ निवृत्तिवेतन पुरेसे नाही, त्याला कसबही हवे, हा विचार त्यामागे होता. संकलन, ध्वनिसंस्करण, उपशीर्षके ही बसून करावयाची कामे आहेत. चाकाच्या खुर्चीतील जवानाला ती उत्तम साधू शकतात.

मग करावे काय? माझ्या सूचना तीनच आहेत. पहिली, भागीदारीच्या करारातच शिकाऊ उमेदवारांची संख्या लिहावी. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आहे. चित्रनगरीत येणाऱ्या प्रत्येक निर्मितीसंस्थेने ठरावीक स्थानिक उमेदवार विद्यावेतनावर घ्यावेत, ही अट करारापूर्वी घातली तरच टिकते. करारानंतर ती विनंती होते. दुसरी, वर्ग आजच सुरू करावेत. भिंती उभ्या राहण्यास काही वर्षे लागतील. तेवढ्या काळात हिम्मावू, वरुणा आणि परिसरातील मुलामुलींची एक फळी कन्नडमधून शिकून तयार होऊ शकते. एका वर्गात गावचे तरुण आणि माजी सैनिक एकत्र बसावेत; एकाला नव्या साधनांची चपळाई असते, दुसऱ्याला शिस्तीची, आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते. सैन्यातील कामाचा अनुभव तपासून त्याला नागरी प्रमाणपत्र देण्याची सोयही तेथेच असावी. तिसरी, निकालाचा रकाना बदलावा. प्रत्येक उमेदवाराच्या हाती यंत्र किती तास होते आणि वर्ग संपल्यावर एका वर्षात त्याने किती दिवस मजुरी मिळवली, हे दोन आकडे जाहीर व्हावेत. सुरक्षेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणासही सेटवर पाठवू नये.

एक आक्षेप गंभीर आहे. आज चित्रीकरण खिशातल्या फोनवर होते आणि संकलनाचे काम यंत्रबुद्धी करू लागली आहे. मग माणसे कशाला शिकवायची? साधने बदलतील, हे खरेच. म्हणूनच एका यंत्राचे बटण शिकवणारा वर्ग लवकर निरुपयोगी होईल आणि प्रकाश, ध्वनी, विद्युत, कथन यांची मूळ समज देणारा वर्ग टिकेल. हिम्मावूत मूकपटाचा कॅमेरा नसेल, तरी हाताने काम करीत समज वाढवण्याची कोल्हापूरची रीत तेथे चालण्यासारखी आहे.

अर्थसंकल्पातील ५०० कोटींतून सेट उभे राहतील. त्यांच्यावर चढून दिवा बांधणारा हात वरुणा परिसरातला असेल की परगावचा, आणि तो सुरक्षित खाली उतरेल की नाही, हे मात्र करारातील दोन-चार कलमांवर आणि आज सुरू होणाऱ्या वर्गावर ठरणार आहे. ती कलमे अद्याप लिहिता येण्याजोगी आहेत.