दुरुस्तीवाल्याने बसायचे कुठे?

मिक्सरचे कपलिंग झिजले म्हणून कोणी मिक्सर टाकून देत नाही. तो पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, अशी आपल्या घरांची रीत. पुण्याच्या पेठांत काय किंवा साताऱ्या-सांगलीच्या गल्ल्यांत काय, हा माणूस बहुधा राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच बसलेला असतो. भोवती उघडी पडलेली इस्त्री, पंख्याचे पाते, कार्बन ब्रशांचा डबा. त्याला परवानगीबद्दल विचाराल, तर तो भिंतीवरच्या गुमास्ता परवान्याकडे बोट दाखवील. पण तो कागद दुकानाचा, जागेचा नव्हे. जागेचे नियम निराळे आहेत.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यातल्या ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ बांधकाम येत नाही. जागेच्या वापरात केलेला ठळक बदलही येतो. म्हणजे एक वीट न हलवता राहत्या खोलीत धंदा मांडला, तरी परवानगीचा प्रश्न उभा राहू शकतो. विकास नियंत्रण नियमांनी निवासी विभागात घरगुती व्यवसायाला सूट ठेवली आहे, नाही असे नाही. मात्र तो घरच्याच माणसांनी करायचा, पगारी माणूस ठेवायचा नाही, आणि विजेचा भार पाऊण किलोवॅटच्या, म्हणजे एका अश्वशक्तीच्या वर जाऊ द्यायचा नाही. उदाहरणे दिली आहेत ती शिवणकाम, भरतकाम आणि गुंड्या करण्याची!

आता गंमत पाहा. हल्ली घरोघरी ७५० वॅटचा मिक्सर असतो. तो दुरुस्त होऊन तपासायला लावला की त्या एकट्यानेच मर्यादा संपते. शेजारी सोल्डरिंग आयर्न तापत असेल, तर नियम मोडलाच म्हणायचा. पगारी माणूस नको, ही अट तर मुळावरच येते. मोटारीचे वाइंडिंग पुस्तकातून फारसे येत नाही. उस्तादाजवळ चार वर्षे बसून येते. त्या पोराच्या हातावर महिनाअखेरीस चार पैसे ठेवले, की सूट गेली.

यापुढचा मार्ग सेवा उद्योगाचा. त्या यादीत घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती आहे, सायकल आहे, घड्याळेही आहेत. पण मग रस्त्याची रुंदी, मंजूर नकाशा आणि इमारतीतल्या इतरांची संमती यांचे शुक्लकाष्ठ मागे लागते. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूने मंजूर नकाशा कोठून आणायचा?

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात घालवली. कसब उत्तम, गिऱ्हाईक बांधलेले, परतफेडीची दानत चोख. अडायचे ते जागेच्या कागदापाशी. २०१५ पासून मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते, २०२० पासून उद्यम नोंदणी स्वतःच्या घोषणेवर होते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमाने लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरवली. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समितीही नेमली. सगळे दरवाजे किलकिले झाले, जागेचा तेवढा राहिला.

शेजाऱ्यांची बाजू मी नाकारत नाही. दुपारी डोळा लागावा आणि खाली ग्राइंडर सुरू व्हावा, हे सोसणाऱ्यालाच ठाऊक. पण त्रासच मोजायचा तर माप हाताशी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळावी, कामाच्या वेळा ठरवाव्यात, रंगाचे फवारे आणि वेल्डिंग वस्तीबाहेर न्यावे. एवढे मानणाऱ्या दुरुस्तीवाल्याला एका मदतनिसासह, दोन-तीन किलोवॅटपर्यंत, नुसत्या सूचनेवर बसू द्यायला काय हरकत आहे? नगरविकास खात्याला त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. नियमावलीतले एक कलम बदलावे लागेल. गुंड्यांच्या शेजारी मिक्सरही लिहावा लागेल.